तपासून परत : एका ईमेलचे गुणपत्रक

प्रति,
मा. प्रमुख, बिलिंग विभाग (स्वयंघोषित),
मुक्काम : गुलदस्त्यात.

विषय : आपला ईमेल तपासून परत पाठवण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

काल रात्री सव्वानऊला आपले पत्र मिळाले. 'तुमचे नेटफ्लिक्सचे खाते थांबवण्यात आले आहे. या महिन्याचे पैसे जमा झालेले नाहीत. २४ तासांत कार्डाचा तपशील भरा, अन्यथा खाते कायमचे बंद होईल.' खाली लालभडक बटण, त्याखाली सही : 'आपल्या सेवेस तत्पर, मदत कक्ष'. वाचून काळजात धस्स झाले. एका मालिकेचे सहा भाग पाहून झाले होते आणि खुनी सातव्यात सापडायचा होता. बोट बटणापर्यंत गेले होते, हे कबूल करते.

पण पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. औपचारिक पत्र समोर आले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. आपले पत्र तपासले, ते असे :

शुद्धलेखन. पैकीच्या पैकी. द्यावेच लागले. पूर्वी तुमच्या पत्रांत इतक्या चुका असत की दुसऱ्या ओळीत चोर सापडायचा. आता यंत्राकडून लिहून घेता, तेही मराठीत, आणि ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. 'भाषा अशुद्ध, म्हणजे पत्र खोटे' ही खूण मी सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवली होती. ती आता उपयोगाची राहिली नाही. त्यांना नवीन धडा शिकवणे आले.

मायना. शून्य. 'प्रिय आजीबाई ५६'? ईमेल काढताना नातवाने गमतीने ठेवलेले नाव ते. दरमहा पैसे घेणाऱ्याला गिऱ्हाइकाचे खरे नाव ठाऊक असते. अर्थात खरे नाव लिहिले असते, तरी पूर्ण गुण मिळाले नसते. नावे आजकाल बाजारात किलोने मिळतात.

मजकूर. गाईडमधून उतरवलेला. १९९०च्या दशकात अमेरिकेत 'अमेरिका ऑनलाइन'चे गिऱ्हाईक गाठून तुमचे पूर्वसुरी हेच विचारत : खात्याची खातरजमा करा, बिलाची माहिती द्या. 'फिशिंग' हा शब्द त्याच काळातला. गळ, गळाला लावलेले आमिष, सगळे तेच. तीस वर्षांत निबंधाचा विषयसुद्धा बदलला नाही?

पत्ता. इथे आपण सपशेल आपटलात. मोबाईलवर पाठवणाऱ्याचे नाव ठळक दिसते, 'नेटफ्लिक्स'. त्या नावावर बोट टेकवले, तेव्हा खरा पत्ता उघडा पडला : 'नेटफ्लिक्स डॉट अमुकतमुक डॉट कॉम'.

पत्ता शेवटून वाचायचा असतो, हे टपाल खात्यातल्या कुणालाही विचारा. टपाल वेगळे करणारा आधी पिनकोड बघतो, गल्ली आणि नाव नंतर. या देशात एका नावाची गावे ढिगाने. पत्रे भलत्याच वडगावात जात. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृत कवीही होते. इंटरनेटचा पत्ताही तसाच मागून वाचावा. 'डॉट कॉम'च्या लगेच आधी जो शब्द, तो घरमालक. त्याच्या आधीचे सगळे म्हणजे मालकाने आपल्याच घरात लावलेल्या पाट्या. चाळीतल्या खोलीवर 'वर्षा' अशी पाटी ठोकली, म्हणून मुख्यमंत्री तिथे राहायला येत नाहीत.

लाल बटण न दाबता संगणकावर त्यावर नुसता बाण नेला. त्यामागेही अमुकतमुकच. तुमचे काही जातभाई अक्षरांचीही चलाखी करतात. इंग्रजी 'आर' आणि 'एन' खेटून लिहिले की 'एम' दिसतो. आम्हाला ते नवे नाही. 'र' आणि 'व' जवळ लिहून 'ख' करणारी कितीतरी मुले मी दुरुस्त केली आहेत. आणि बटणामागच्या पानाच्या वर कुलपाचे चित्र असले, तरी तेवढ्यावर मी भुलणार नाही. कुलूप चोराच्या घरालाही असते.

मुदत. २४ तास. या दोन शब्दांसाठी आपल्याला वेगळे बक्षीस द्यायला हवे, कारण खरी करामत इथेच आहे. पेन खाली ठेवून चहा टाकला. चहा उकळत असताना आठवले, की खाते माझे नाहीच! जावयाचे आहे. कार्ड त्याचे, पैसे त्याचे. मी फक्त बघते. घाई माणसाला काय काय विसरायला लावते, हे मला या वयात आपण शिकवलेत.

जावयाला फोन केला. तो म्हणाला, "आई, पैसे तीन तारखेलाच कापले गेलेत." रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी वर्गणी आपोआप कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने गिऱ्हाइकाला कळवायचे असते. तो संदेश त्याच्याकडे होता. म्हणजे २४ तास आम्हालाही मिळतात, पण ते विचार करायला. शिवाय कार्डाचा नंबर किंवा पासवर्ड आम्ही ईमेलवर किंवा मेसेजमध्ये कधीच मागत नाही, असे नेटफ्लिक्सने सांगूनच ठेवले आहे.

तरीही शंका उरली, तर पत्रातल्या बटणाने जायचे नाही. ॲप आपल्या हाताने उघडून बघायचे. घरच्या दाराने आत जाता येत असताना खिडकी कशाला?

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मात्र अशाच एका पत्राचे बटण दाबले होते. त्यांनी लाजत बसण्याऐवजी आधी बँकेला सांगून कार्ड बंद केले, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पासवर्ड बदलला. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे, तर हे लगेचच करावे लागते. त्यांना मी पैकीच्या पैकी दिले.

आपला निकाल : अनुत्तीर्ण. फेरतपासणी हवी असल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड पाहावे. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकावरून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आपल्या पत्राची प्रत खऱ्या नेटफ्लिक्सकडे रवाना केली आहे.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहावे, असे मुलांना शिकवत आले. आपल्यापुरते ते गाळत आहे.

कळावे,
आजीबाई ५६

ता. क. : जावयाच्या खात्यावर सातवा भाग पाहिला. खुनी तोच निघाला, जो पहिल्या भागापासून सगळ्यांच्या मदतीला धावत होता.