अप्पांचा लाव्हा

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये लोक सोफा घ्यायला येतात, लग्नाचे कपडे घ्यायला येतात. ज्वालामुखीसाठी कुणी येत नाही, याचं अप्पांना मनापासून वाईट वाटतं.

अप्पांसारखा एक माणूस प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतोच. स्वतःची गाडी नाही, पण दुसऱ्याच्या गाडीने कुठून जायचं हे ठरवणार तोच. अप्पांचं आयुष्य अंबरनाथच्या आयुध निर्माणीत ड्राफ्ट्समन म्हणून गेलं, त्यामुळे सहलीचा तक्ताही फूटपट्टी लावून निघतो. रकाने पाच: ठिकाण, वेळ, चहा, लघुशंका आणि थर. पहिले चार आम्हां पामरांसाठी. पाचवा अप्पांचा.

थर म्हणजे लाव्ह्याचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, निवला, पुन्हा वाहिला. सह्याद्रीपाशी त्याची जाडी दोनेक किलोमीटर भरते आणि झिजून झिजून आजही पाच लाख चौरस किलोमीटर शिल्लक आहे, हे आमच्या दूधवाल्यालासुद्धा पाठ झालंय. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरात लोक पिंडीला हात लावतात; अप्पा भिंतीला.

यंदा बेत माळशेजचा. सात सीटांची गाडी खालच्या मजल्यावरच्या फर्निचरवाल्या सेठची. शहाड, रायते, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मग घाट, मग खुबी फाट्यावरून खिरेश्वर. पहिल्या मसुद्यात ओतूरहून कोतूळ, राजूर आणि थेट सांदण दरी असाही वळसा होता. पण सेठाणीबाईंनी "शाम को सत्संग है" म्हटलं आणि अख्खा अकोले तालुका लाल पेन्सिलीने उडाला. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत म्हणतात. मी खात्री केलेली नाही.

निघायची वेळ पहाटे साडेपाच.

"अप्पा, छह करोड साल से पहाड वहीं बैठा है," सेठ म्हणाले, "आठ बजे निकलेंगे तो भाग जाएगा क्या?"

"डोंगर राहील हो सेठ. शहाडचा पूल मोकळा राहणार नाही."

दाल-पकवान बांधून होईपर्यंत सव्वासात वाजले. पूल मोकळा नव्हताच. अप्पांच्या चेहऱ्यावर मात्र, भाकीत खरं ठरल्याचा केवढा आनंद!

सेठच्या नातवाला ज्वालामुखी दाखवू म्हणून आणलेला. "उसका मुँह किधर है?" त्याने रायत्याच्या पुलावर विचारलं. अप्पांनी समजावलं की इथे शंकूसारखा डोंगर फुटला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरला. मुलगा मुरबाडपर्यंत कुणाशी बोलला नाही. टोकावड्याच्या पुढे अप्पांनी लांबचे सुळके दाखवले, गोरखगड-मच्छिंद्रगड. पण तोवर त्याने मोबाइल काढला होता.

जुलैत घाटात धुकं असतं हे अप्पांना माहीत नव्हतं असं नाही. त्याला रकाना नव्हता, इतकंच.

माळशेजला गाडीतून उतरलो तर समोर नुसतं पांढरं. कठड्यापलीकडे काहीच नाही. आम्ही कणसाच्या गाडीकडे वळलो. अप्पा वळले नाहीत. मिटलेली छत्री पुढे करून त्यांनी सुरुवात केली, "हा खालचा थर बघा. त्याच्यावर ती लाल पट्टी. म्हणजे एक थर निवून त्याची माती होईपर्यंत दुसरा आलेला नाही..."

आवाज ठाम. शेजारच्या मोटारसायकलवाल्यांपैकी एकजण रेनकोटची टोपी मागे सारून जवळ आला.

"कुठे म्हणालात काका?"

"त्या धबधब्याच्या मागे."

"धबधबा कुठेय?"

"थराच्या पुढे."

त्याने मान डोलावली, समोरच्या पांढऱ्याचा फोटो काढला आणि मित्रांनाही हाक मारली. बघता बघता दहा-बाराजण जमले. छत्री वर सरकली तशा सगळ्यांच्या माना वर झाल्या. कणीस खाता खाता सेठही गर्दीत शिरले. मला वाटलं, आता थट्टा करणार. पण त्यांनी खिशातून अप्पांचा घडी केलेला तक्ता काढला, घड्याळात बघितलं आणि काळजीने म्हणाले,

"अप्पा, सवा ग्यारह हो गया. लघुशंका का टाइम निकल गया."