उल्पानात मैत्र कसे जोडावे : श्रीवर्धन तालुक्यातील इच्छुकांसाठी

प्रस्तुत मार्गदर्शन हिब्रू शिकण्यासाठी पाच-सहा महिने इस्रायलला जाऊन राहणाऱ्यांसाठी आहे. हिब्रू कशी शिकावी हे यात सांगितलेले नाही. ते काम उल्पान नावाची शाळा करते. जेरुसलेममध्ये १९४९ साली पहिले उल्पान निघाले, आणि तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांना, वकिलांना आणि आजीआजोबांना तिथे बालवाडीच्या बाकावर बसवले जाते. त्या बाकावर शेजारी कोण बसते आणि त्याचे पुढे काय करावे, एवढाच आपला विषय.

पुस्तकी तयारी हवीच असेल तर तिला तोटा नाही. जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून १८३२ सालीच छापले, तेही आपल्याच किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल ज्यूंसाठी. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाची हग्गादा ही पोथी मराठी अर्थासह निघाली. या थोर परंपरेत उणीव एकच. देवाला आळवावे कसे हे तिथे सापडते, शेजाऱ्याकडे मीठ मागावे कसे हे सापडत नाही.

मैत्रीला सर्वांत योग्य काळ म्हणजे पहिले दोन महिने, कारण तेव्हा आपल्याला काहीही बोलता येत नसते. श्रीवर्धनच्या माणसाची सगळी ताकद तिरकस बोलण्यात. नाक्यावर एका वाक्यात समोरच्याला आडवा करणारा गृहस्थ उल्पानात ‘माझ्या घरात टेबल आहे, टेबल मोठे आहे’ एवढ्यावर येतो. टोमणा मारता येत नाही. दुसऱ्याच्या वाडीच्या वाटणीवर मत देता येत नाही. मग नाइलाजाने तो खरे बोलतो. ‘मला भूक आहे.’ ‘आई लांब आहे.’ शेजारी ओडेसाचा एखादा निवृत्त इंजिनियर असतो. आयुष्यभर पूल बांधून आता ‘पूल’ हा शब्द आठवत नाही म्हणून तो घामाघूम झालेला असतो, आणि तोही नाइलाजाने खरेच बोलतो. अशा दोघांची मैत्री न होणे अवघड.

म्हणून सूचना अशी की इंग्रजी येते हे शक्यतो कळू देऊ नये. शिक्षिका वर्गात हिब्रूच बोलते, पण मधल्या सुट्टीत इंग्रजी बोलणाऱ्यांचा घोळका दाराशी जमतो. त्यात शिरलेला माणूस पाच मिनिटांत पुन्हा हुशार होतो आणि वाया जातो. त्यापेक्षा कॉफी करावी. कपात भुकटी, वर उकळते पाणी, आणि गाळ खाली बसेपर्यंत थांबायचे. गाळ बसण्याआधीच दोघांचे मिळून शब्द संपतात. उरलेला वेळ कपात बघत काढावा. संबंध दृढ होतात. शेवटचा घोट मात्र पिऊ नये.

शिक्षिका सत्तरीची असली तरी तिला नावाने आणि एकेरीतच हाक मारायची असते. हिब्रूत अहो-जाहो नाही. आदरापोटी अनेकवचन वापरलेत तर ती मागे वळून पाहते, आणखी कोण आले म्हणून. आपल्याकडची पोरे एकेरी हाक टाळण्यासाठी आठवडाभर नुसता हात वर करून बसतात. हातही दुखतो आणि आदरही पोचत नाही.

बसमध्ये शेजारची बाई दुसऱ्या थांब्याच्या आत विचारते : भाडे किती देतोस, पगार किती, लग्न का नाही केलेस? युरोपातून आलेले सहाध्यायी याने दुखावतात. श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर ‘कुणाचा रे तू?’पासून आजोळपर्यंत तपासणी झालेल्या माणसाला हे माहेर वाटावे. तिला उलट तेच प्रश्न विचारावेत.

गावाची ओळख देताना जपून. भारत म्हटले की ‘गोवा?’ असा प्रश्न येतो, कारण लष्करी सेवा संपली की तिथली पोरे गोव्याला जाऊन येतात. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ आपल्या गावचे, हे चौथ्या महिन्याआधी सांगू नये. त्याला भूतकाळ लागतो, शिवाय शाहू महाराजही लागतात. रोठा सुपारी भेट देऊ नये. इंजिनियर ती अक्रोड समजून दातांनी फोडू बघेल, आणि दंतवैद्याशी बोलण्याइतकी हिब्रू तोवर दोघांनाही आलेली नसते. भूतकाळ आला की ३ जून २०२०चे निसर्ग वादळ सांगता येते. ‘मोठा वारा आला. नारळ पडले. सुपारी पडली. बाबा तीन दिवस बोलले नाहीत.’ वर्गात यानंतर कुणी व्याकरण दुरुस्त करत नाही. पुस्तकात हा धडा ‘हवामान’ या नावाने आहे.

शुक्रवारी दुपारनंतर शब्बाथसाठी बहुतेक गावांत बस बंद, दुकाने बंद, ते शनिवारी रात्र पडेपर्यंत. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना ‘शनवार तेली’ म्हणणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला याचे नवल वाटू नये. तरी आपला माणूस ‘बोलावल्याशिवाय कुणाकडे जेवायला कसे जायचे’ म्हणून खोलीत बसतो आणि बिस्किटे खातो. बोलावणे गुरुवारपर्यंत काढून घ्यावे. जेवताना कोळंबी आणि तिसऱ्यांचे गुणगान करू नये. खवले आणि पर नसलेले पाण्यातले काही त्या ताटात येत नाही. बाहेरून आलेल्या डेव्हिड राहाबी या ज्यूने कोकणातल्या बेने इस्राएल बायकांपुढे मासे टाकून हीच परीक्षा घेतली आणि त्या उत्तीर्ण झाल्या, अशी कथा आहे. मांसाबरोबर दूधही चालत नाही, पण नारळाचे दूध चालते. तेव्हा आईने शिकवलेले वाटण लावून मटण करावे. क्रियापदांच्या चुका त्यात बुडून जातात.

दिमोनाची भेट लांबवता येईल तेवढी लांबवावी. बीरशेबाच्या पुढे, वाळवंटात, बेने इस्राएलांची मोठी वस्ती आहे. तिथली एखादी आजी ‘कुठले रे तुम्ही?’ म्हणते, श्रीवर्धन ऐकताच म्हसळ्याच्या नि मुरुडच्या माणसांची चौकशी करते, मलिद्याची बशी पुढे ठेवते, आणि इस्रायलमधल्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाचे जुने अंक काढते. तिची मराठी साठेक वर्षांपूर्वीची, आपल्यापेक्षा स्वच्छ. दर शुक्रवारी जाल, आणि हिब्रू राहील बाजूला. बचाव एकच : तिचा नातू. त्याला मराठीचा गंध नसतो, आणि तुमची हिब्रू ऐकून तो मनापासून हसतो.

पाचव्या महिन्यात धोका सुरू होतो. सर्वांना बऱ्यापैकी बोलता येऊ लागते, टोमणे जमतात, राजकारण निघते, आणि वर्ग आपापल्या भाषेच्या टेबलांवर पांगतो. इंजिनियर आता रशियन मित्रांत असतो. रागावू नये. त्याला श्रीवर्धनचे आमंत्रण द्यावे, डिसेंबरमधले.

तो येतोच. त्याला दिवेआगर, हरिहरेश्वर दाखवावे, सुपारीपासून दूर ठेवावे. तुमच्यात सामायिक भाषा तेवढी एकच असल्याने ओटीवर बसून मोठ्याने हिब्रूत बोलावे लागेल. आळी कौतुकाने ऐकेल. पोरगा खरेच शिकून आला, अशी वडिलांची खात्री पटेल. ते सगळे चुकीचे आहे हे ओळखू शकणारा साऱ्या तालुक्यात तो एकटाच असेल, आणि त्याच्याही चुका त्याच आहेत.