दिव्यांची अवस आणि झाडाला रम

(चिपळूण. आषाढी अमावास्येची रात्र. पावसाने जरा उघडीप दिली आहे. परसात दोन माडांमध्ये पांढरी चादर ताणलेली, तिच्यासमोर लखलखीत दिवा, बाजूला एक बादली. निशाचर आंब्याच्या खोडाला ब्रशने काहीतरी फासतो आहे. कुंपणावरून चिंतातुर डोकावतो.)

चिंतातुर : अहो, हे काय चाललंय? अवसेची रात्र, पांढरं कापड, केळी, गूळ... २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झालाय म्हटलं!

निशाचर : या की आत. फाटक नुसतं लोटलंय.

चिंतातुर : आणि हा वास कसला? रम?

निशाचर : रमच. काळी पडलेली केळी, गूळ आणि रम. काही पाखरं, म्हणजे रात्रीचे पतंग, दिव्याला भीक घालत नाहीत, ती याला येतात.

चिंतातुर : गटारीच्या रात्री रम झाडाला? ही करणी नव्हे, हे पाप आहे.

आतला आवाज : विचारा त्यांना, भावजी! मी दिवे घासून पुजले, तर यांनी माझी चांगली चादर टांगली. आणि ते अंड्यांचे ट्रे कुठून आणलेत तेही विचारा. आमच्यात अंडं येत नाही घरात. कचरेवाला माझ्याकडे बघून हसतो.

निशाचर : ट्रे रिकामे आहेत. बादलीत ट्रे, वर नरसाळं, त्यावर दिवा. पाखरं आत उतरतात आणि खळग्यांत गप बसून राहतात. सकाळी बघायची, नावं लिहायची, झुडपात सोडून द्यायची.

चिंतातुर : सोडून द्यायची? मग पकडायची कशाला? माझा साडू यवतमाळचा, कापूसवाला. त्याच्या शेतात कामगंध सापळे आहेत. आत मादीच्या वासाची गोळी. नर भुलून येतो आणि अडकतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्याचा कापूस खाल्ला. त्याला सांगून बघा, पाखरं बघितली की मन शांत होतं म्हणून. काठी घेऊन येईल.

निशाचर : येऊ दे. बरोबरच आहे त्याचं. त्याचं पाखरू कर्जावर उडतं, माझं पेन्शनीवर.

चिंतातुर : पण हे खूळ शिरलं कुठून तुमच्या डोक्यात?

निशाचर : २०२१ चा जुलै आठवतो ना?

चिंतातुर : विचारता काय! वाशिष्ठी माझ्या माजघरात होती.

निशाचर : तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की माझी झोप जायची. उठून पाणी बघायचं, परत पडायचं, परत उठायचं. एकदा दारातल्या बल्बाखाली एक हिरवं पाखरू बसलेलं दिसलं, लष्करी गणवेश घातल्यासारखं. नाव शोधता शोधता उजाडलं. आपल्या कण्हेरीवर वाढतं ते. म्हटलं, जागायचंच आहे तर पाण्यापेक्षा हे बरं.

चिंतातुर : मला अजून झोप नाही. तिकडे युद्ध, इकडे बाजार पडलेला, मुलाच्या कंपनीत माणसं काढतायत. परवा रात्रभर टीव्ही बघत होतो.

निशाचर : मग थांबलं युद्ध?

चिंतातुर : नाही. पण लक्ष होतं माझं! (चादरीवरचं एक पाखरू बघून एकदम मागे सरकतो) बाप रे! याच्या पाठीवर कवटी आहे! अपशकुन! आता मुलाची नोकरी...

निशाचर : त्याला तुमचा मुलगा माहीत नाही. ते मधाच्या वासावर असतं. थेट मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितं, आणि धरलं तर उंदरासारखं चिरकतं.

चिंतातुर : म्हणजे चोर!

निशाचर : चोर. पण यम नव्हे.

चिंतातुर : आणि बाकीची ही बिचारी? दिव्यावरच्या प्रेमापायी जळतात. सगळे शायर सांगून गेलेत.

निशाचर : शायरांकडे वेगवान कॅमेरा नव्हता. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चित्रण करून दाखवलं की ती दिव्याकडे झेपावतच नाहीत. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची, एवढीच त्यांची रीत. रात्री उजेड असतो आभाळात, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे आपण सरळ. मध्येच आपला बल्ब लागतो, आणि वर कुठे, खाली कुठे हेच कळेनासं होतं. मग त्याच्याकडे पाठ करत करत घिरट्या.

चिंतातुर : रात्री दोन वाजता मोबाईल घेऊन पडतो, तेव्हा माझं अस्संच होतं.

निशाचर : तुमचं तोंड असतं मोबाईलकडे. पाठ केलीत तर झोप लागेल. मी तर बारा वाजता दिवा बंदच करतो. पाखरंही दमतात, आणि पाली टपलेल्या असतात.

(चादरीवर थाडकन काहीतरी आदळते. दोघेही दचकतात.)

चिंतातुर : हे पाखरू आहे की वटवाघूळ?

निशाचर : ॲटलास! पंख पसरले की वीतभर. टोकांना बघा, सापाचं तोंड काढल्यासारखं. आणि गंमत म्हणजे याला स्वतःला खायला तोंडच नाही. सुरवंट असताना जे खाल्लं त्यावर आठ-दहा दिवस काढायचे.

चिंतातुर : तोंड नाही? मग रात्री नऊच्या चर्चेला यालाच बोलवायला हवं!

निशाचर : मला तेच तर आवडतं हो. दिवसभर जो तो विचारतो, या युद्धाबद्दल तुमचं काय, त्या निकालाबद्दल तुमचं काय. पाखरांबद्दल आजवर कुणी माझं मत मागितलेलं नाही. मिशा पिसासारख्या की दोऱ्यासारख्या, एवढं सांगितलं की सुटलो. ही वही धरा. लिहा, ॲटलास, एक.

चिंतातुर : जग पेटलंय आणि मी मिशा... पिसासारख्याच ना? झाडाच्या पानासारख्या दिसतात. (लिहितो) आणि ते कोपऱ्यातलं करडं? दोन झाली.

निशाचर : एकच. मघाचंच फिरून आलंय.

चिंतातुर : छे! मघाच्याचा डावा पंख फाटलेला होता. तुम्ही नीट बघत नाही! (खिशात फोन वाजतो. न बघता बंद करतो.) असाच तुमचा हिशेब असेल तर सगळी वही तपासावी लागेल.

(आतला आवाज डबा घेऊन बाहेर येतो.)

आतला आवाज : झालं का? रव्याला जाळी धरलीय. झाकण काढलं तर पाखरं तोंडावर. सत्यनारायणाचा प्रसाद काय याचा करू?

निशाचर : फिकट करडी? कॉर्सायरा. तांदूळ, ज्वारी, रवा, काही सोडत नाही ते.

चिंतातुर : लिहू?

आतला आवाज : लिहा. पत्ताही लिहा : स्वयंपाकघर, दुसरी फळी. आणि लिहून झालं की दोघांनी मिळून चाळायला बसा.

चिंतातुर : बसतो वहिनी, बसतो. पण आधी झाकण लावा हो! मोजायच्या आत उडतील!