तोंडाची वाफ

आमची नात साडेतीन वर्षांची. हायटेक सिटीच्या बाजूला तिची शाळा, नाव सांगत नाही. तिथे ‘स्टीम’ शिकवतात, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित. आमच्या हिला वाटलं, इडल्या शिकवतात. फी ऐकल्यावर म्हणाली, “एवढ्यात काचिगुड्याला इडलीची गाडी टाकून झाली असती.”

पूर्वी अमीरपेटच्या क्लासची पायरी चढल्याशिवाय हैदराबादेत पोरगा मार्गी लागत नसे. मग सहावीपासून ‘आयआयटी फाउंडेशन’ आलं. आता फाउंडेशनसाठी खड्डा खणायचं काम बालवाडीकडे आलंय. तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळत शिकावं, असं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. शाळेनं ते मनावर घेतलं आणि खेळाचीही वर्कशीट काढली.

परवा नातीला प्रोजेक्ट मिळाला, ज्वालामुखी. रात्री साडेअकराला आमचे चिरंजीव कागदाचा लगदा थापत होते. सूनबाई व्हिनेगरमध्ये खायचा सोडा किती चमचे, ते एक्सेलमध्ये मांडत होत्या. नात झोपली होती. सकाळी तिच्या अंगठ्याला लाल रंग लावून डोंगरावर ठसा उमटवला, ती झाली कला. दुसरा नंबर आला. चिरंजीव दोन दिवस जेवले नाहीत.

विज्ञानाचं म्हणाल, तर इथंच सिकंदराबादेत 1897 साली रोनाल्ड रॉस नावाचा डॉक्टर डास चिरत बसला होता. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला तो डास चावून घ्यायला लावी आणि डासामागे एक आणा देई. 20 ऑगस्टला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. विज्ञानात भाग घेणाऱ्याला तेव्हा पैसे मिळत. आता भरावे लागतात. शिवाय आज वर्गात एक डास दिसला, तर पालकांच्या ग्रुपवर मुख्याध्यापिकेचाच जंतू शोधतील.

रविवारी सगळे गोवळकोंड्याला गेलो. खाली दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते. शत्रू आल्याची वर्दी द्यायची ती कुतुबशाही सोय. चिरंजीव ऐकायला म्हणून वर गेले. नातीनं टाळी वाजवली. मग चार पावलं बाजूला सरकून वाजवली, परत घुमटाखाली आली, पुन्हा वाजवली. असं सात-आठ वेळा. रांगेतले लोक वैतागले.

“आबा, इथंच टाळी मोठी का होते?”

मी घसा खाकरून खाली बसलो. तेवढ्यात सूनबाईंनी मोबाइलमध्ये अभ्यासक्रम उघडला. “बाबा, ध्वनी त्यांना पुढच्या टर्मला आहे. आत्ता सांगितलंत तर तिचा गोंधळ होईल.”

“ऐका तिचं,” ही म्हणाली, “कशाला तोंडाची वाफ दवडता?”

नातीनं आणखी एक टाळी वाजवली. वर तिच्या बाबाच्या दोन्ही कानांत इयरफोन होते. अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल चालला होता.