मतं मागतात हो पोरं!

काय दिवस आलेत बघा. पुढाऱ्यांच्या घरची पोरं चक्क मतं मागत फिरतात! विधानसभेला किंवा झेडपीला मागितली तर आपण समजू शकतो. पण ही मागतात आपल्याच पक्षात, युवक काँग्रेसचं अध्यक्षपद मिळावं म्हणून. पूर्वी कसं शालीनतेनं चालायचं! दिल्लीहून पत्र यायचं, टिळक भवनात पेढे वाटले जायचे, आणि कालपर्यंत साहेबांच्या गाडीत मागं बसणारा मुलगा पुढच्या सीटवर यायचा. मत कुणाचं घ्यायचं नाही, द्यायचं तर मुळीच नाही.

हे सगळं बिघडलं 2007 पासून. राहुल गांधी सरचिटणीस झाले, युवक काँग्रेस आणि विद्यार्थ्यांची एनएसयूआय त्यांच्याकडे आल्या आणि त्यांच्या मनानं घेतलं की इथल्या नेमणुका बंद, यापुढे निवडणुका. बरं, घ्यायच्या तर घ्या. पण देखरेखीला कोण आणावं? माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह! ज्या गृहस्थांच्या कारकिर्दीत 2002 साली जम्मू-काश्मीरची निवडणूक पार पडली, त्यांच्या संस्थेनं मग जिल्ह्याजिल्ह्यातल्या दादा-भाऊंच्या तक्रारी सोडवायच्या. काश्मीर सोपं वाटलं असेल हो त्यांना.

निवडणूक म्हटली की मतदार आले, आणि खरी मजा तिथंच आहे. ज्याला पद हवंय त्यानंच सभासद नोंदवायचे आणि त्या सभासदांनी त्यालाच मत द्यायचं. वय 18 ते 35. आधी कागदी फॉर्म होते, फोटो चिकटवायचे, गठ्ठे बांधायचे. आता मोबाइलवर ॲप आलंय. नाव टाका, फोटो काढा, ओळखपत्र चढवा, 50 रुपये भरा आणि उठायच्या आत मत देऊन टाका. प्रदेशालाही, जिल्ह्यालाही, विधानसभेलाही. साखरपुडा, लग्न आणि बारसं एकाच मांडवात! पक्ष कशासाठी आहे, घटना काय म्हणते, हे विचारायला मध्ये सवडच ठेवलेली नाही.

नोंदणीच्या दिवसांत एखाद्या तालुक्याच्या गावी जाऊन बघा. चहाच्या टपरीवर, जिममध्ये, कॉलेजच्या फाटकाशी पोरं मोबाइल घेऊन टपलेली. ‘भावा, ओटीपी आला का?’ बँका कानीकपाळी ओरडून सांगतात, ओटीपी कुणाला देऊ नका, आणि इथं आख्खी आळी ओटीपी वाटत सुटलेली. ते 50 रुपये कोण भरतं हे मात्र विचारू नका, चांगल्या घरात असलं विचारत नाहीत. परवा एक इच्छुक आमच्याकडे येऊन चांगला तासभर बसला. माझी विचारपूस केली, ह्यांच्या गुडघ्याची केली, पोहे आवडीनं खाल्ले. मला वाटलं, काय गुणाचं पोर! जाताना हळूच म्हणतो, ‘काकू, घरात पस्तिशीच्या आतलं कोण कोण आहे?’ आमच्या वयाच्या माणसांना या लोकशाहीत पोहे करण्यापलीकडे काही काम नाही.

पस्तिशीवरून आठवलं. चौतिशी पार केलेला ‘युवा नेता’ कधी जवळून पाहिलाय का? निवडणूक महिनाभर पुढं गेली की त्याच्या पोटात गोळा येतो. वाढदिवसाचे फ्लेक्स गावभर लागतात, पण त्यावर कितवा वाढदिवस ते लिहायची कुणाची हिंमत नसते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप केल्यावर कुणीतरी अगदी नवखं, बिनओळखीचं पोर वर येत असेल. कसलं काय! निवडणुकांचं वारं महाराष्ट्रात शिरण्याआधी प्रदेशाध्यक्ष होते राजीव सातव, त्यांच्या आई रजनीताई मंत्री होऊन गेलेल्या. मग आले विश्वजीत कदम, वडील पतंगराव. 2018 ला सत्यजीत तांबे, वडील डॉ. सुधीर तांबे आमदार आणि मामा बाळासाहेब थोरात. त्यांच्यामागून कुणाल राऊत, वडील नितीन राऊत तेव्हा ऊर्जामंत्री. मागच्या दारानं येणाऱ्यांना पुढच्या दारी रांगेत उभं केलं, तर त्यांनी रांगेतली माणसंही घरूनच आणली! आणि त्यात त्यांचं तरी काय चुकलं? हजारोंनी सभासद नोंदवायचे तर गाड्या लागतात, पोरं लागतात, पोरांचं जेवणखाण लागतं. ज्याच्या घरी आधीच कॉलेज, कारखाना किंवा दूध संघ आहे त्याला हे जड जात नाही. ज्याच्याकडे नुसतीच तळमळ आहे त्यानं डिझेल कुठून आणावं?

सातवांना मात्र मी नावं ठेवणार नाही. 2010 मध्ये ते देशाचे अध्यक्ष झाले, आणि 2014 च्या लाटेत महाराष्ट्रातून काँग्रेसचे दोनच खासदार निवडून आले, त्यात हिंगोलीचे हे एक. पुढं कोविडनं अकाली गेले. घराणं होतं, पण माणूस कष्टाचा होता.

दुसऱ्या राज्यांत तर याहून कहर. 2021 मध्ये कर्नाटकात सर्वांत जास्त मतं पडली मोहम्मद नलपाड यांना. ते आमदारपुत्र. पण ते अपात्र ठरले आणि अध्यक्षपद गेलं दुसऱ्या क्रमांकाच्या रक्षा रामय्यांकडे. तेही माजी मंत्र्याचे चिरंजीव, म्हणजे तिथंही घरं सोडून गोष्ट नाही. मग जे रुसवेफुगवे झाले म्हणता! शेवटी वडीलधाऱ्यांनी वाटणी करून दिली, आधी काही महिने रामय्यांचे, मग 2022 पासून नलपाडांचे. मतमोजणीचा एवढा अपमान कुणी केला नसेल. केरळात 2023 ला मतदार ओळखपत्रंच बनावट तयार केल्याची तक्रार झाली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, धरपकड झाली. त्यात एका कार्डावर तमिळ नट अजित असल्याच्या बातम्या आल्या. अहो, अजितनं पन्नाशी ओलांडलीय! खोटंच करायचं तर निदान वयाची अट तरी पाळायची.

बाकीच्या पक्षांनी हे असलं थिल्लर काही घरात येऊ दिलं नाही. भाजपच्या युवा मोर्चात यादी जाहीर होते आणि सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात, झालं. शिवसेनेचा थाट तर विचारूच नका. 17 ऑक्टोबर 2010, शिवाजी पार्क, दसरा मेळावा, बाळासाहेबांनी नातवाच्या हाती तलवार दिली आणि युवासेना उभी राहिली. ना ॲप, ना ओटीपी. हीच युवासेना मुंबई विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक मात्र अशी लढते की 2018 ला पदवीधरांच्या दहाच्या दहा जागा आणि 2024 ला पुन्हा दहाच्या दहा. म्हणजे मतं मिळवता येतात हो त्यांना, पण ती बाहेर. घरात तलवार.

आणि पोरांना तरी दुसरीकडे हौस भागवायला जागा कुठाय? 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि पुढं काही वर्षांत राज्यातल्या कॉलेजांच्या निवडणुकाच बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा घ्यायचं ठरलं, 2019 चा मुहूर्तही निघाला आणि तोही ढकलला गेला. ज्यानं वर्गप्रतिनिधीची निवडणूक कधी लढवली नाही, तो एकदम प्रदेशाध्यक्षपदाला उभा राहतो. मग काय होणार!

काय होतं त्याचा सगळ्यात खमंग किस्सा नाशिकचा. जानेवारी 2023, पदवीधर मतदारसंघ. काँग्रेसनं डॉ. सुधीर तांब्यांना उमेदवारी दिली. ते बिचारे तीन वेळचे आमदार, नाही कोण म्हणणार? पण अर्जाच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी अर्ज भरलाच नाही. भरला तो चिरंजीवांनी, अपक्ष म्हणून! तेच ते, युवक काँग्रेसची निवडणूक जिंकलेले. मग जी पळापळ झाली! पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या नावाचा, कुणी पाठवला, कधी पोचला, यावर टीव्हीवाल्यांचे पंधरा दिवस मजेत गेले. काँग्रेसनं बापलेक दोघांना निलंबित केलं. मामा थोरातांनी तेव्हाचे काँग्रेस प्रदेशाध्यक्ष नाना पटोल्यांबरोबर काम करणं अशक्य आहे असं दिल्लीला कळवलं आणि विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा दिला. भाचे सुमारे 29 हजार मतांनी निवडून आले. भाजपनं तिथं आपला अधिकृत उमेदवारच दिला नव्हता. का दिला नव्हता, ते असं चारचौघांत नको. घरी या, सांगते.