भोंगा वाजू न देता

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचा माणूस लाथ घालून दार उघडतो, समोर येईल त्याला गोळी घालतो आणि पुढच्या खोलीत जातो. दुसऱ्या पंथाचा माणूस त्याच दाराबाहेर झुडपात बसून राहतो. पहारेकरी कुठवर जातो, कुठं वळतो, कुठं उभा राहून जांभई देतो हे पाठ करतो आणि मागच्या खिडकीनं आत जाऊन, कुणाच्या केसाला धक्का न लावता, काम उरकून परत येतो. मी या दुसऱ्या पंथाचा. शेजारी बसून बघणाऱ्याला वाटतं, तासभर काहीच घडलं नाही. इकडं आमचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला असतो.

दीक्षा साताऱ्यात मिळाली, राजवाड्याजवळच्या एका नेट कॅफेत. तिथं प्रत्येक मशीनवर 'प्रोजेक्ट आयजीआय' असायचाच. २००० साली नॉर्वेतल्या एका कंपनीनं काढलेल्या या गेमला आपल्याकडं जेवढे भक्त मिळाले, त्याची त्या बिचाऱ्यांना कल्पना तरी असेल का कोण जाणे. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा गडी, काटेरी कुंपण, कॅमेरे, टेहळणीचे मनोरे आणि भोंगा. भोंगा वाजला की भिंतीतून उगवल्यासारखे सैनिक बाहेर पडायचे. खरी मेख पुढं होती. मोहीम अर्ध्यावर असताना गेम सेव्ह करता यायचा नाही. शेवटच्या फाटकापाशी मेलात, तर पुन्हा पहिल्या कुंपणापासून सरपटायला सुरुवात. त्यात भारनियमनाचे दिवस. जोन्सला शत्रूनं जितक्यांदा मारलं नसेल तितक्यांदा तो लाइट जाऊन मेला.

पण सर्वांत कडक पहारा गेममध्ये नव्हताच, तो कॅफेच्या बाहेर होता. राजवाडा ते पोवई नाका एवढ्या टप्प्यात साताऱ्याचा माणूस ओळख न लागता चालूच शकत नाही. "काय रे, क्लास सुटला का?" हा प्रश्न कुठल्या दुकानाच्या पायरीवरून येईल, सांगता यायचं नाही. १९९८ च्या 'कमांडोज' या स्पॅनिश गेममध्ये शत्रूला जिथवर दिसतं तेवढा भाग हिरव्या पट्ट्यानं रंगवून दाखवत. पट्टा वळला की आपण सटकायचं. वडिलांच्या मित्रांच्या नजरेचा असा पट्टा दिसला असता, तर माझं विद्यार्थिजीवन पुष्कळ सुखाचं झालं असतं. मात्र तो पट्टा नसून गोल चकती असावी, असा माझा संशय आहे.

पुढं नोकरीनं सांगलीत आणलं, लग्नानं तिथंच ठेवलं. आता खेळ रात्री, घर झोपल्यावर, कानाला हेडफोन लावून. एकदा 'एलियन: आयसोलेशन' चालला होता. त्यात अंतराळस्थानकावर एक भयंकर प्राणी आपल्याला शोधत फिरतो. आवाज केला की तो आलाच. कपाटात लपलो तरी श्वास रोखून धरावा लागतो. अशा वेळी भूक लागणं हा शरीराचा हलकटपणा आहे. आणि सांगलीच्या घरात रात्री एक वाजता भुकेला उत्तर एकच, भडंग.

जगातल्या एकाही गेमनं भडंगाची मोहीम ठेवलेली नाही, कारण ती पार करणं शक्य नाही. डबा स्टीलचा, झाकण घट्ट. सरळ ओढलं तर 'टण्ण' होतं. म्हणून डबा पोटाशी धरायचा, कडेला फडकं लावायचं आणि झाकण एकेका बाजूनं केसभर केसभर उचलायचं. ते जमलं. चमचा धातूचा, म्हणून हातानं घेतलं. तेही जमलं. आता चावायचं कसं? मूठ तोंडात टाकून चुरमुरे जिभेवर विरघळण्याची वाट बघत ओट्यापाशी अंधारात उभा राहिलो. चुरमुरे विरघळले, लसणाची कुडी चिवट होती तीही निमूट गेली. शेंगदाणा मात्र फितूर निघाला. कडाक्! मी श्वास रोखला. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "उठलाच आहेस तर मलाही आण वाटीभर."

डावपेचांच्या खेळांची आवड मला जरा उपजतच असणार. साताऱ्यात वाढलेल्याला अजिंक्यताऱ्याचा वेढा ऐकून माहीत असतो. १६९९ च्या अखेरीस औरंगजेब स्वतः किल्ल्याखाली येऊन बसला, सुरुंग लावले, आणि त्यातला एक उडाला तेव्हा तट मोगलांच्याच फौजेवर कोसळला. पुढं १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला, पण तेवढा भाग आम्ही साताऱ्याचे लोक घाईनं सांगतो.

बायको सांगलीची. तिला गेम हा प्रकार पोरकट वाटतो. स्वतः मात्र ती दर पावसाळ्यात माझ्यापेक्षा मोठा डाव मांडून बसते. कोयना धरण १०५ टीएमसीचं, आज किती भरलं, किती क्युसेकनं सोडलं, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, हे तिच्या जिभेवर असतं. धरण सातारा जिल्ह्यात, पाणी सांगलीच्या दारात, त्यामुळं विसर्ग वाढला की चहाबरोबर टोमणा येतो, "सोडलं का तुमच्या लोकांनी?" जणू दरवाजाची किल्ली माझ्या मामाकडं आहे. मी अलमट्टी धरणाच्या फुगवट्याकडं बोट दाखवतो. अलमट्टी कर्नाटकात असल्यानं घरात तिची बाजू घेणारं कुणी नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तोवर मी 'द लाँग डार्क'मध्ये कॅनडाच्या बर्फात काड्यापेटीतल्या काड्या मोजत जगण्यात तरबेज झालो होतो. प्रत्यक्ष घरात मी पहिल्यांदा कॉम्प्युटर उचलला. "आधी तांदूळ," ही म्हणाली. मग गॅसची टाकी, औषधं, कागदपत्रं. शिवाय घरातलं प्रत्येक भांडं तिनं पिण्याच्या पाण्यानं भरून माळ्यावर चढवलं. चहूकडं पाणी असताना प्यायला थेंब मिळत नाही, हे तिला कुठल्या गेमनं शिकवलं नव्हतं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तिथं माझी थट्टा थांबते.

या दोन जिल्ह्यांत राहून लपण्याची फुशारकी मारायची हेही तसं धाडसच. १९४२ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटील याच मुलखात भूमिगत होते. आमच्या पंथाच्या शास्त्राप्रमाणं लपायला हा माणूस सर्वस्वी नालायक. देह धिप्पाड, आवाज पहाडी, पोराटोरांना ओळखीचा, आणि भूमिगत असूनही लोकांत वावरणारा! तरी इंग्रजांच्या हाती लागला नाही. त्यांच्या प्रतिसरकारच्या सशस्त्र दलानं, म्हणजे तुफान सेनेच्या मंडळींनी, ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची गाडी अडवली. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला तर थेट धुळ्याकडं जाऊन सरकारी खजिना मारला. या मंडळींचा तळ असलेलं कुंडल गाव तेव्हा औंध संस्थानात. ब्रिटिश मुलूख आणि संस्थानं इतकी एकमेकांत गुंतलेली, की हद्दी कुणालाही चकवायला सोयीच्या. पण खरं काम हद्दींचं नव्हे. गेममध्ये आपण अंधारात लपतो आणि दिसेल तो माणूस वैरी असतो. इथं गडी गावात लपत होता. कुणाच्या माजघरात कोण जेवून गेलं हे सगळ्यांना ठाऊक, आणि पोलिसानं विचारलं की सगळे ठार अडाणी. आख्ख्या गावानं मिळून गप्प बसायचं, अशी कळ कुठल्याही की-बोर्डवर मला अजून सापडलेली नाही.

सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह निसटले, ते तर आमच्या पंथाच्या सगळ्या नियमांविरुद्ध. दिवसाढवळ्या, मागं गोळीबार, पुढं कृष्णेचा पूर. दोघे साथीदार हुतात्मा झाले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पकडले गेले. गेममध्ये औषधाची पेटी उचलली की खांदा जागच्या जागी बरा होतो.

मागं एक गेम शुक्रवारी येणार होता, म्हणून मी रजा टाकली. साहेबांचा घरी फोन आला, तर आईनं भूमिगताची आई शोभावी अशा थंडपणानं सांगितलं, "तो साताऱ्याला गेलाय." साहेबांचे साडू साताऱ्याचे. साहेबांनी लगेच त्यांना फोन लावला. साडूंनी आमच्या आत्याला विचारलं. आता भोंगा वाजणार म्हणून मी पडदे ओढून बसलो. पण आपल्याला ठाऊक नाही असं म्हणणं आत्याच्या रक्तात नाही. तिनं मला पोवई नाक्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं, हातात पेढ्यांचा पुडा होता हेही सांगितलं, आणि नाक्यापर्यंत येऊन घरी आला नाही म्हणून वर रुसून बसली.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "काय, आमचे कंदी पेढे कुठं आहेत?" उद्या आणतो म्हणालो. आता रात्रीतून, सांगलीत, ओळखीच्या एकाही माणसाच्या नजरेस न पडता साताऱ्याचे पेढे पैदा करायचे आहेत, आणि पुड्यावर दुकानाचं नाव साताऱ्याचंच हवं.