समतल मुलखातली उंच जिप्सी

गोंदिया जिल्ह्यात समतल कशाला म्हणायचं, हे पाणी ठरवतं. धानाची बांधी नुसती डोळ्यांना सपाट दिसून भागत नाही. रोवणीच्या आधी तिच्यात पाणी साठलं की एका कोपऱ्यात ढेकळं उघडी राहतात, दुसऱ्या कोपऱ्यात पाऊल घोट्याच्या वर बुडतं, आणि शेतकरी काही न बोलता फावडं उचलतो. कोहळी समाजातल्या मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी इथले तलाव बांधले तेही याच साक्षीदाराच्या भरवशावर. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींचा, असं लोक सांगतात. सात बहिणी म्हणवल्या जाणाऱ्या डोंगरांच्या कुशीत पाळ घालून पाणी अडवताना त्यांच्यापाशी उतार जोखणारी दुर्बीण नव्हती. नजर होती, आणि नजर चुकली तर ते दाखवून द्यायला पाणी होतं. अशा, पिढ्यान्‌पिढ्या सपाटीचीच उपासना केलेल्या मुलखात माझ्या भाच्याने जिप्सी उंच केली.

जिप्सी मूळची फौजेतली, लिलावात निघालेली. मारुतीने ही गाडी 1985 मध्ये आणली आणि 2018 च्या सुमारास बनवणं थांबवलं. पण नागझिरा अभयारण्याच्या फाटकाशी पहाटे धुक्यात उभ्या असलेल्या जिप्सींना ही बातमी अजून कुणी सांगितलेली दिसत नाही. त्यांच्याकडे बघत बघतच भाचा लहानाचा मोठा झाला. हाती आलेल्या गाडीच्या कमानींत त्याने पाटे वाढवले, टायर थोराड घातले. गाडी जमिनीपासून वर गेली आणि माझी ताई गाडीपासून दूर. तिला चढता यावं म्हणून जेवणाचा एक लाकडी पाट आता मागच्या सीटखाली कायमचा मुक्कामाला आहे. सुवासिनींना बसवायचा तो पाट. आता त्याच्या नशिबी देशाटन आलं.

उंची मिळाली, पण चाल गेली. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाताना रस्ता सरळ असला तरी गाडी आपली जुन्या ओळखी काढत डावीउजवीकडे रेंगाळायची. वळणावर स्टिअरिंग फिरवावं तर ते आपणहून माघारी येईना. शिवाय गाडी सरळ धावत असली की स्टिअरिंग तिरपं, आणि स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी भाताच्या बांधीकडे निघालेली. भाचा म्हणाला, "मामा, अलायमेंट करून घेऊ." कुतूहलापोटी मीही गेलो.

दुकानात थ्रीडी मशीन होतं. चारही चाकांना पाट्या अडकवल्या, समोरच्या कॅमेऱ्यांनी त्या न्याहाळल्या, आणि पडद्याने गाडीचं कूळ विचारलं: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, साल कोणतं. मशीनच्या स्मरणात जिप्सीचं कारखान्यातून निघतानाचं रूप होतं. समोरचं ध्यान त्याला काही जुळेना. लग्नाच्या बोलणीत पत्रिका पाहून हळूहळू मान हलवणाऱ्या जोशीबुवांसारखा तो पडदा एकेक आकडा लाल करत गेला. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मशीनले कंपनीची गाडी समजते जी. हे तर आता तुमच्या भाच्याची गाडी झाली."

मग त्याने मशीन बाजूला ठेवलं आणि खिशातून दोरी काढली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ती ताणून धरत तो समजावत होता. चाकाचे कोन तीन. चाक समोरून पाहिलं तर आत वा बाहेर किती कललंय, तो कॅम्बर. जिप्सीच्या अखंड आसात तो कारखान्यातच ठरून गेलेला, त्याला हात लावायचा नाही. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती बाजूने पाहिली तर मागे किती रेललीय, तो कॅस्टर. पाटे वाढवण्याच्या भानगडीत आस फिरतो आणि हा कोन ढळतो. मग कमान आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर बसवून तो परत आणायचा. पुढची दोन चाकं एकमेकांकडे वा एकमेकांपासून किती वळलीत, तो तिसरा, टो. तो टाय रॉड फिरवून जमवायचा. आणि स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा उंचीमुळे फार उतरता झालाय, म्हणून ते तिरपं. कॅस्टरचं ऐकताना मला शाळेतली सायकल आठवली. तलावाच्या पाळीवरून हात सोडून ती हाकायची, छाती पुढे, आणि जगात आपल्याला पाहणारं कुणीतरी आहे असा भास. पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून सायकल आपली आपण सावरते, असं तेव्हा मास्तरांनी सांगितलं होतं. पुढे 2011 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात काही संशोधकांनी अशी सायकल मांडली की जिच्यात तो गुण काढून टाकला, चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याचा परिणामही काढून टाकला, तरी ती न पडता चालली. म्हणजे आमच्या त्या छाती काढण्यामागे नेमकं काय होतं, हे इतकं सोपं नाही.

पण मनात घर केलं ते टोने. पुढची दोन चाकं तंतोतंत समांतर ठेवली की गाडी नीट चालेल, असं कुणालाही वाटेल. तसं नसतं. धावताना रस्त्याचा रेटा त्यांना बाहेर फाकवतो. म्हणून उभ्या गाडीत ती जराशी, अगदी काही मिलिमीटर, एकमेकांकडे वळवून ठेवायची. मग वेगात ती आपोआप सरळ होतात. समांतर दिसण्याचा हट्ट धरला तर दोघंही रस्ताभर एकमेकांपासून दूर ओढत राहतात आणि टायर झिजवतात.

परतताना मी कायद्याची गोष्ट काढली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठासून सांगितलंय. एमएच-35 ची पाटी लावून आकाशाकडे निघालेल्या गाडीला हे लागू होतंच, शिवाय उंच गाडी वळणावर कलंडायला उत्सुक असते. भाचा बराच वेळ गप्प होता. पुढच्या आठवड्यात काही पाटे उतरले, कोन पुन्हा जुळवले. गाडी सरळ चालू लागली. पाट मात्र सीटखालीच राहिला. ताईच्या गुडघ्यांना ती उतरलेली उंचीही पुरेशी उंचच होती.

संक्रांतीनंतर सगळे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, पाहायला गेलो. 2014 मध्ये बंद पडलेले हे पट 2023 च्या मे महिन्यात न्यायालयाने रीतसर मोकळे केले, आणि धान घरात आल्यावर पुन्हा धूळ उडू लागली. छकड्याला जुंपलेली बैलजोडी सुटते तेव्हा सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीकडे असतात, जोडी सरळ जाते का. एक बैल उतावळा असतो, एक मुरब्बी. धुरकरी कुणाला डावीकडे जुंपायचं, कुणाला उजवीकडे, हे महिनोन्‌महिने ठरवत बसतो. दोन अगदी सारखे बैल मिळाले तर बरं, असं मी म्हटलं. शेजारचे एक म्हातारबा हसून म्हणाले, "सारखे बैल पटावर नसतात जी, सारखे बैल बाजारात असतात."

निघायची वेळ झाली. भाऊजी, जे रस्त्याने चालताना गेली कित्येक वर्षं ताईच्या दहा पावलं पुढे असतात आणि दर कोपऱ्यावर काहीतरी पाहण्याचं निमित्त करून थांबतात, ते पुढे होऊन पाट काढून गाडीशी मांडून उभे राहिले. ताईने पाट वाकडा ठेवला म्हणून त्यांना ऐकवलं. त्यांनी पायाने तो किंचित तिच्याकडे वळवला. "आता झाला सरळ," ती म्हणाली, आणि त्यांचा खांदा धरून चढली.